दुखणं खरं, रिपोर्टही खरे

या आठवड्याचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

‘माझं वय ५८. आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो. दिंडोरी तालुक्यात थोडी द्राक्षबाग आहे, मुलगा अंबडला कंपनीत आहे. सून ३१ वर्षांची, लग्नाला सहा वर्षं झाली, नातू चार वर्षांचा. तो झाल्यापासून तिचं काही ना काही दुखतंच. आधी पोट, मग डोकं, मग डाव्या हाताला मुंग्या, छातीत धडधड. एन्डोस्कोपी, सीटी, एमआरआय, सगळं झालं. अपेंडिक्स काढलं, तरी पोट दुखतंय. फाईल आता कापडी पिशवीतून न्यावी लागते आणि प्रत्येक रिपोर्टवर नॉर्मल. नवा डॉक्टर सुरुवातीला देवमाणूस असतो, महिन्याभरात कसाई होतो. मुलाची रात्रपाळी असली की दुखणं वाढतं. मार्चमध्ये दोघांचं भांडण झालं तेव्हा तिनं हातावर जखमा करून घेतल्या. मी रक्त पुसत होते आणि ही शांत बसून, डोळ्यांत टिपूस नाही. तीच बाई दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळत होती. तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही, की मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं? मानसोपचाराच्या डॉक्टरांनी वीस मिनिटं बोलून कागदावर दोन नावं लिहिली, “बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर” आणि “सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर”. मुलानं मोबाइलवर वाचलं आणि गप्प झाला. जाऊबाई म्हणतात, त्र्यंबकला विधी करून घ्या. सुनेची आई ती नऊ वर्षांची असताना गेली, सिन्नरला मामाकडे वाढली. एकदा म्हणाली होती, तिथं ताप आला तरच कुणी कपाळाला हात लावायचं. मी वाईट सासू नाही हो, पण थकले. ती नाटक करते का? तपासण्या बंद करू का? आमचं काही चुकलं का? आणि हे असंच राहणार का?’

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं चित्त लागायचं नाही. तुमच्या पत्रात नाटकाचा पुरावा मला कुठेही दिसला नाही. सूनबाईंना मी तपासलेलं नाही, म्हणून त्या दोन नावांवर शिक्कामोर्तब करत नाही. पण मार्चमधला जो प्रसंग तुमच्या मनात काट्यासारखा रुतलाय, त्याबद्दल मात्र मला बोलता येईल, कारण आम्हा मानसोपचारवाल्यांना तो ओळखीचा आहे.

सातपूर-अंबडच्या एखाद्या जुन्या कामगाराला विचारा. प्रेस मशीनमध्ये बोट सापडलेला माणूस कधी कधी रुमाल गुंडाळून स्वतःच्या पायांनी चालत येतो, ‘काही नाही, जरा लागलंय’ म्हणतो, आणि तासाभरानं बोंब मारतो. धक्का मोठा असला की शरीर काही काळ वेदना दाबून धरतं. ज्या रुग्णांना ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात, म्हणजे ज्यांच्या भावना आणि नाती सतत टोकाला हेलकावतात, त्यांच्यात भावनांचं वादळ टोकाला गेलं की हेच होतं, आणि जास्त प्रमाणात होतं. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगून हे तपासलेलं आहे. या रुग्णांना इतरांपेक्षा कमी दुखतं, आणि मन अस्वस्थ असेल तेव्हा त्याहूनही कमी. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही) याच रुग्णांमध्ये महिनोन् महिने टिकणाऱ्या दुखण्याची तक्रार इतरांपेक्षा जास्त असते. डोकं, पाठ, पोट. म्हणजे क्षणाची जखम बधिर आणि रोजचं दुखणं धारदार. तुम्ही जे दोन दिवसांत पाहिलंत, ते एकाच माणसाचं आणि एकाच आजाराचं दर्शन असू शकतं. दोन्ही खरं.

मग एवढ्या तपासण्यांत काही दिसत कसं नाही? कॉलनीत उभ्या गाड्यांपैकी एखादीचा सायरन मांजर चढली तरी कोकलायला लागतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. चोर नसतो. पण सायरन खरा असतो, झोप खरीच मोडते. बोनेट उघडून इंजिन कितीही तपासा, काही सापडणार नाही. बिघाड असतो तो सायरन किती हलक्या धक्क्यानं वाजावा, या जोडणीत. पोटातून, स्नायूंतून, हृदयातून मेंदूकडे दिवसभर निरोप जात असतात. त्यातले बहुतेक मेंदू कानाआड करतो. धोक्यात वाढलेला, सतत ताणात राहिलेला मेंदू ते कानाआड करत नाही. आतड्याची साधी हालचाल त्याला कळ म्हणून ऐकू येते, आणि त्या कळेकडे जितकं लक्ष जाईल तितकी ती मोठी होते. सोनोग्राफीत आतडं दिसतं, मेंदूनं ते कसं ऐकलं हे दिसत नाही. म्हणून दुखणं खरं आणि रिपोर्टही खरे.

आता ती दोन नावं. ‘सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर’ हे नाव २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत आलं. त्याआधी निदानासाठी एक अट असायची, की लक्षणाला वैद्यकीय कारण सापडता कामा नये. ती अट त्यांनी काढून टाकली, आणि माझ्या मते शहाणपणा केला. ‘कारण सापडलं नाही’ हे कशाचंच निदान होऊ शकत नाही, ते फक्त आमच्या हाती काही लागलं नाही याची कबुली असते. आता पाहतात ते एवढंच, की लक्षण त्रासदायक आहे का, आणि त्यापायी माणसाचा किती वेळ, किती काळजी, किती आयुष्य खर्च होतंय.

‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हा शब्द मला मुळातच आवडत नाही. मराठीत ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माणूसच नासका निघाला. अर्थ तेवढा मोठा नाही. स्वतःकडे बघण्याची आणि दुसऱ्याशी नातं जोडण्याची जी सवय तरुणपणापर्यंत घट्ट होते, ती इतकी ताठर किंवा इतकी डळमळीत असते की माणूस पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू आहे. तिनं जुने कप्पे बरेचसे मोडून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी लावली आहे. बॉर्डरलाइनचा उल्लेख मात्र तिथेही ठेवलाय. आज देवमाणूस आणि महिन्यानं कसाई, हे तुम्ही जे लिहिलंय, ते त्याचं ओळखीचं लक्षण. आपल्याला कुणी सोडून जाईल ही भीती, हे दुसरं. रात्रपाळीला मुलगा बाहेर पडतो तेव्हा तुम्हाला तो कंपनीत जाताना दिसतो. तिच्या शरीराला तो निघून जाताना दिसत असेल.

पण एक सांगते. व्यक्तिमत्त्वाचं निदान वीस मिनिटांत होत नाही. ते अनेक भेटींत, बालपणापासूनची हकीकत ऐकून, घरच्यांशी बोलून करायचं असतं, आणि तेही नैराश्याचा भर ओसरल्यावर. नैराश्यात भलाभला माणूस हट्टी, चिडका, चिकट वाटतो. आणि तिचं सगळं नातू झाल्यावर सुरू झालंय. बाळंतपणानंतरचं नैराश्य त्या वेळी कुणी पाहिलं होतं का, हे पत्रात कुठेच नाही. तेव्हा त्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. चिठ्ठीवरचं नाव हा त्यांचा पहिला अंदाज असेल, तर तसं त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. मुलाला म्हणावं, मोबाइल बंद कर, त्यात कुणी सूनबाईंना पाहिलेलं नाही.

या दोन गोष्टींचा संबंध आहे का, तर आहे. मात्र लोक समजतात तसा नाही. कारण न सापडणाऱ्या दुखण्याचे रुग्ण कुठल्याही दवाखान्यात रोज येतात आणि त्यातल्या बहुतेकांना व्यक्तिमत्त्वाचा काही विकार नसतो. जे वर्षानुवर्षं, अनेक अवयवांच्या तक्रारी घेऊन, अनेक डॉक्टर बदलत फिरतात, त्यांच्यात मात्र हे प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसतं. आणि त्यांच्यातही नाटकी स्वभावाचे लोक जास्त असतील ही जी समजूत आहे, ती पाहण्यांत टिकली नाही. जास्त सापडतात ती संकोची, माणसं टाळणारी, चुकायला घाबरणारी, संशयी, अतिकाटेकोर. ज्यांना ‘मला तुझी गरज आहे’ हे वाक्य तोंडानं बोलता येत नाही, अशी माणसं.

इथे मी तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीपाशी थांबले. ‘ताप आला तरच कुणी कपाळाला हात लावायचं.’ तुम्ही ती ओघात लिहून गेलात. मला ती सगळ्या फाईलपेक्षा मोलाची वाटली. नऊ वर्षांची पोर, आई गेलेली, परक्या नसल्या तरी दुसऱ्यांच्या घरात. रडलं तर ‘पुरे आता’. रुसलं तर कुणाला फुरसत नाही. ताप आला तर मात्र कपाळावर हात, मऊ भात, शाळेला सुट्टी. ती काही ठरवून शिकत नाही, शरीर शिकतं. शरीराला एवढं कळतं की या घरात आपलं फक्त एकच बोलणं ऐकू जातं. बावीस वर्षांनी ती मखमलाबाद रोडला असते, तुमच्यासारखी सासू असते, पण शरीर अजून सिन्नरलाच बोलत असतं. (मामा-मामींना दोष देत नाही. चार पोरांच्या घरात पाचवं आलं की काय होतं ते मला माहीत आहे. आणि असं बालपण गेलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असंही नाही.)

तिला कधी विचारलंत का, की पोटाचं सोड, वाटतंय काय? बहुधा उत्तर येईल, ‘कसंतरीच होतंय.’ आपल्या भाषेतला हा फार कामाचा शब्द आहे आणि फार फसवाही. राग, भीती, लाज, मत्सर, एकटेपणा, सगळं त्या ‘कसंतरी’च्या गाठोड्यात. स्वतःच्या भावनेला नाव देता न येणं, याला सिफनिओस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९७०च्या दशकात ‘ॲलेक्सिथायमिया’ असा शब्द दिला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण ‘भावनेला शब्द नाही’ असा. अंगभर फिरणाऱ्या दुखण्याच्या रुग्णांत हे वारंवार भेटतं. छाती धडधडतेय हे कळतं, पण आपण घाबरलोय हे कळत नाही. मग ती छाती घेऊन माणूस कार्डिओलॉजिस्टकडे जातो, आणि तो बिचारा ईसीजी काढतो. दुसरं काय करणार?

एक कबुली द्यायची आहे. मी शिकत होते त्या काळी कॅज्युअल्टीत अशी एखादी बाई बेशुद्धसारखी आणली की तिला ‘हिस्टेरिया’ म्हणायची पद्धत होती, आणि नाकाशी अमोनिया धरायची. ती दचकून उठली की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. मीही हसले आहे. ‘झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही’ ही म्हण तेव्हा फार तोंडात असायची. आज ती म्हण कुणी दवाखान्यात उच्चारली की मला उठून जावंसं वाटतं. खोटं आजारपण घेणारी माणसं असतात. इन्शुरन्ससाठी, कोर्टाची तारीख चुकवण्यासाठी. ती वेगळी. त्यांना काय हवंय ते त्यांना पक्कं माहीत असतं. सूनबाईंना तेच तर माहीत नाहीये.

आणि अमोनिया हुंगवून हसणारे कधी कधी तोंडावर आपटतात. एलियट स्लेटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६५ साली जुने ‘हिस्टेरिया’चे रुग्ण पुन्हा शोधून काढले, तेव्हा बऱ्याच जणांना खरा मेंदूचा किंवा शरीराचा आजार निघाला होता. त्या लेखानं आमच्या क्षेत्राची झोप उडवली. पुढे २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर १९७० नंतर असं चुकण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. चार टक्के म्हणजे घाबरून पुन्हा एमआरआय करावा इतके जास्त नाहीत, आणि कान बंद करून बसावं इतके कमीही नाहीत. ज्याच्या फाईलवर मानसिक आजाराचं नाव एकदा लागतं, त्याचं पुढचं खरं दुखणं डॉक्टर लवकर ऐकत नाहीत, हा धोका मला तुमच्या सुनेच्या बाबतीत जास्त वाटतो.

म्हणून ‘तपासण्या बंद करू का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही. दुखणं तेच, जागा तीच, तर तीच तपासणी चौथ्यांदा नको. पण वजन उतरायला लागलं, संध्याकाळचा बारीक ताप राहिला, शौचातून रक्त गेलं, रक्त कमी झालं, पोटदुखीनं गाढ झोपेतून जाग यायला लागली, हाताची ताकद खरोखर कमी झाली, तर कुठलंही लेबल बाजूला ठेवून तपासा. आपल्याकडे पोटाचा टीबी अजून आहे. पोटदुखी पाळीच्या आसपास वाढते का, हे कुणी विचारलंय का? एन्डोमेट्रियोसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) वर्षानुवर्षं निसटतो, आणि साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. आणि हाताच्या मुंग्या. तुमचं घर शाकाहारी असेल तर एवढ्या महागड्या एमआरआयआधी बी-१२ जीवनसत्त्व बघितलं होतं का, हे त्या पिशवीत शोधा. थायरॉइडचंही बघा. या दोन-तीन गोष्टी राहिल्या असतील तर एकदाच करून घ्या आणि मग थांबा.

थांबा म्हणजे डॉक्टर थांबवा असं नाही. उलट. १९८६ मध्ये अमेरिकेत स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी एक अगदी साधा प्रयोग केला. असे रुग्ण असलेल्या फॅमिली डॉक्टरांना त्यांनी फक्त एक पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की या रुग्णाला दर चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी बोलवा, दर भेटीत थोडक्यात हातानं तपासा, स्पष्ट कारण असल्याशिवाय तपासणी, भरती, ऑपरेशन करू नका, आणि ‘सगळं तुमच्या डोक्यात आहे’ असं म्हणू नका. एवढंच. या रुग्णांचा उपचारखर्च निम्म्याहून जास्त घटला, आणि त्यांची प्रकृती त्यापायी बिघडली नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात एकही नवं औषध नाही.

तो का चालतो, तर डॉक्टरकडे जायला दुखणं हे तिकीट लागत नाही म्हणून. दुखलं तरच भेट मिळणार असेल, तर दुखणं बरं होणं म्हणजे भेट बंद होणं. बरं व्हायला कोण तयार होईल? पंधरा तारखेला भेट ठरलेलीच आहे, दुखो वा न दुखो, म्हटलं की शरीराला ओरडायची गरज उरत नाही. तेव्हा तुमच्या भागातला एखादा ऐकून घेणारा, घाई न करणारा फॅमिली डॉक्टर धरा. कॉलेज रोडचा सुपरस्पेशालिस्ट यासाठी नको. त्यांना हा लेख दाखवला तरी चालेल. पिशवी त्यांच्याकडे द्या आणि ‘यापुढे कुठेही जायचं ते तुमच्या चिठ्ठीनंच’ असं सूनबाईंसमोर ठरवा. मध्ये तो डॉक्टरही कसाई होईल. होऊ द्या. तेव्हा नवा शोधायचा नाही, हीच तर परीक्षा आहे. तिच्या रागानंतरही एक माणूस जागेवर बसलेला सापडणं, हा तिच्यासाठी उपचाराचाच भाग आहे.

घरातही हेच. तुम्ही सकाळी पहिला प्रश्न काय विचारता? ‘कसं आहे गं पोट?’ हो ना? मायेनंच विचारता. तो प्रश्न सोडा. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी दोघींनी चहा घेऊन बसा, दहा-पंधरा मिनिटं. पोटाचा विषय तुम्ही काढायचा नाही, तिनं काढला तर तोडायचाही नाही. ‘दुखतंय ना, कळतंय मला’ एवढं म्हणायचं आणि पुढचं बोलायचं. नातवाच्या शाळेचं, छाटणीचं, शेजारच्या लग्नाचं. ज्या दिवशी दुखत नसेल त्या दिवशी तर चहा अजिबात चुकवायचा नाही. ‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. डॉक्टर ते धीर द्यायला म्हणतात, रुग्णाला ऐकू येतं ‘खोटारडी’. आणि मग तिला खरं ठरायला आणखी आजारी पडावं लागतं.

दुखतंय म्हणून सगळं काम तिच्या हातून काढून घेऊ नका. थोडं काम, रोज थोडं चालणं, दुखणं असतानाच करायचं, ते संपायची वाट बघत बसायचं नाही. सुरुवातीला ओरड होईल. वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब मात्र ठेवा. डोकेदुखीसाठी महिन्यातून दहा-पंधरा दिवस गोळ्या घेत राहिलं तर त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात.

आता मुख्य उपचार, आणि तो बोलण्याचा आहे. बॉर्डरलाइनसाठी मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, बसवली. भावनेला नाव देणं, वादळात स्वतःला इजा न करता टिकून राहणं, हवं ते भांडण न करता मागणं, अशी कौशल्यं त्यात शाळेसारखी शिकवतात. २०११ मध्ये या बाईंनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच अशा आजारानं रुग्णालयात होत्या आणि स्वतःला जखमा करून घ्यायच्या. सूनबाईंना हे नक्की सांगा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना ‘डीबीटी शिकला आहात का’ असं सरळ विचारा. लाजायचं कारण नाही, प्लंबरलाही आपण विचारतो. व्यक्तिमत्त्व बदलणारी गोळी नाही. नैराश्य, चिंता, झोप यांच्यासाठी गोळ्या असतात, काही वेदनेलाही थोडा उतार देतात, त्या डॉक्टर देतील तशा घ्या. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. आणि मेडिक्लेम असेल तर लक्षात ठेवा, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांवर शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा देण्याचं बंधन घातलंय. त्याच कायद्यात असंही आहे, की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी वेडं ठरत नाही. हे तुमच्या जाऊबाईंना ऐकवायला हरकत नाही.

हातावरच्या जखमांबद्दल मला मुद्दाम वेगळं लिहायचं आहे. ‘लक्ष वेधायला केलं’ असं म्हणून ते सोडून देऊ नका. अशा रुग्णांत आत्महत्येचा धोका खरा असतो. ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे तिला शांतपणे, सरळ विचारा. विचारल्यानं कल्पना डोक्यात येत नाही, ती असेल तर बाहेर येते. आणि ताई, तुमची द्राक्षबाग आहे. फवारणीची औषधं कुठे ठेवता? घरात, जिन्याखाली, मोटारसायकलच्या डिकीत असतील तर आजच्या आज ती शेतावरच्या खोलीत कुलपात गेली पाहिजेत, किल्ली मुलाकडे. उरलेले डबे ‘पुढच्या छाटणीला लागेल’ म्हणून घरी आणायचे नाहीत. घरातल्या गोळ्यांचा डबाही कुलपात. संतापाचा तो अर्धा-पाऊण तास हाताशी काही नसणं, एवढ्यानं जीव वाचतात. आणि १४४१६ हा नंबर स्वयंपाकघरात लिहून लावा. टेलि-मानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलतात. तिच्यासाठी आहे, आणि रक्त पुसून झाल्यावर तुमच्यासाठीही आहे.

त्र्यंबकला जाऊन कुणाच्या मनाला शांत वाटत असेल तर मी आड येणार नाही. फक्त दोन अटी. औषधं आणि भेटी चालू ठेवायच्या, आणि ‘तुझ्यामुळे घराला दोष लागला’ असं तिच्या कानावर जाता कामा नये. विधीचा खर्च मात्र आधी विचारून घ्या.

‘आमचं काही चुकलं का?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आतून माहीत आहे. चार वर्षं सुनेची फाईल पिशवीतून वाहणाऱ्या सासवा मी फार पाहिलेल्या नाहीत.

हे असंच राहणार का? अमेरिकेत झनारिनी या संशोधक बाईंनी बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहा वर्षांत दहापैकी नऊहून जास्त जणांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. आम्ही विद्यार्थी असताना हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. पण नातीगोती, कामधंदा सगळं धरून पूर्ण सावरले ते त्यातले साधारण निम्मे. म्हणजे वादळं थांबतात, घर उभारायला वेळ लागतो. तोवर दुखण्याचं पूर्ण जाणं हे माप धरू नका. या महिन्यात किती वेळा इमर्जन्सीत धावलो आणि ती किती दिवस नातवाला शाळेत सोडायला गेली, हे मोजा.

शेवटचं. तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात तुमच्या मुलाबद्दल तीन ओळी आहेत. तो कंपनीत आहे, त्याची रात्रपाळी असते, आणि तो गप्प झाला. डॉक्टरकडे तिला तुम्ही नेता, रक्त तुम्ही पुसता, पत्र तुम्ही लिहिता. पुढच्या भेटीला त्यानं सुट्टी काढून यायचं आहे, आणि रात्रपाळीला निघताना ‘सकाळी सातला येतो’ एवढं तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं आहे. सातला जमणार नसेल तर साडेसात सांगावं, पण सांगितलेली वेळ पाळावी. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. किंवा राहू द्या, त्यालाच लिहायला सांगा.